घर खाली करायचंय? कपाट उघडायच्या आधी वस्तू कुठे जाणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: परळची जुनी पागडीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली, चार महिन्यांत जागा खाली करायची, दोन खोल्या आणि वर पोटमाळा, भाड्याने बघितलेल्या फ्लॅटला माळाच नाही, आणि सासूबाई एक वाटीसुद्धा टाकू देत नाहीत. सुरुवात कुठून करू?

मी हेच काम करते, लालबाग-परळ-दादर-गिरगाव पट्ट्यातली घरं आवरून द्यायचं, आणि त्यातली बरीचशी अशीच असतात, बिल्डरची तारीख डोक्यावर आणि घरात तीन पिढ्यांचं सामान. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सगळीकडे जे सांगतात ना, की कपाटातलं सगळं बाहेर काढा, तीन ढीग करा, ठेवायचं एक, द्यायचं एक, टाकायचं एक, ते दोन खोल्यांच्या घरात करूच नका. ते मोठ्या घरांसाठी आहे, जिथे ढीग चार दिवस तसाच पडून राहिला तरी कोणाच्या पायात येत नाही. आपल्याकडे त्याच जमिनीवर रात्री गाद्या पडायच्या असतात. मग होतं काय की दुपारी दोनला काढलेलं सामान रात्री नऊला परत कोंबलं जातं, पहिल्यापेक्षा वाईट कोंबलं जातं, आणि सासूबाईंना आयतं बोलायला मिळतं की बघ, उगाच धूळ उडवलीस.

माझी पद्धत उलटी आहे. आधी दारं शोधायची, म्हणजे घरातून वस्तू बाहेर जायचे रस्ते. एक वही घ्या आणि त्यात लिहा की रद्दी कोण नेतो, त्याचा नंबर, तो तिसऱ्या मजल्यावर चढतो का खाली आणून द्यावं लागतं, भंगारवाला कोण, बोहारीण कोणत्या वारी येते, पुस्तकं कोण घेईल, पितळेचा आजचा भाव कुठे विचारायचा, व्हीलचेअर-वॉकर कोणाला लागतंय. हे सगळं फोनवर होतं, घरात एक डबाही हलवावा लागत नाही, आणि हे झाल्यावर मगच एक कप्पा उघडायचा, तेवढाच जेवढा त्याच दिवशी घराबाहेर जाईल. संध्याकाळी जमीन रिकामी.

याचा दुसरा फायदा तुमच्या खऱ्या अडचणीवर होतो. "आई, हे टाकू का?" या प्रश्नाला आमच्या पिढीच्या आधीच्या कोणत्याही बाईकडून "टाक" असं उत्तर येणार नाही, लिहून घ्या. ज्या बाईने रेशनच्या रांगेत उभं राहून रॉकेल आणलंय, तिच्या हातून चांगला डबा कचऱ्यात कसा जाईल? आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच आहे, चांगला डबा कचऱ्यात जाऊच नये. पण "आई, हे घंगाळ नणंदबाईंकडे द्यायचं, का गावी पाठवायचं, का मोडीत घालून त्याचे पैसे तुमच्या खात्यात टाकायचे?" असं विचारलं की त्या विचार करायला लागतात. वस्तू चांगल्या हातात पडणार हे कळलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो, उरलेल्या निम्म्याचं पुढे सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच्यासाठीच मी एवढं लिहायला बसलेय. कागद. तुमच्या घरात कुठेतरी पत्र्याची पेटी किंवा गोदरेजच्या कपाटाचा लॉकर असेल, त्यात जुन्या पावत्या, पासबुकं, पाकिटं असतील. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी ती पेटी बघून संपवा. पागडीच्या घरात भाडेपावती हाच तुमचा हक्काचा कागद. बिल्डिंग उपकरप्राप्त असेल, म्हणजे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळासाठी सेस (दुरुस्तीचा कर) भरणारी, तर विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली, म्हणजे अशा जुन्या बिल्डिंगांच्या रीडेव्हलपमेंटच्या नियमाखाली, पात्रता ठरवताना १३ जून १९९६ ही तारीख बघतात, भाडेकरू त्याच्या आधीपासूनचा आहे का ते. म्हणजे त्याच्या आधीच्या पावत्या, त्याच सुमाराची लाइटबिलं, जुनं रेशनकार्ड, हे सगळं सोन्यासारखं जपायचं. मी स्वतः बघितलंय की लोक तेव्हाची जुनी लाइटबिलं "आता काय करायचीत" म्हणून रद्दीत घालायला काढतात आणि महिन्याभराने सोसायटीची कमिटी तीच मागते. पावती अजून सासऱ्यांच्या नावावर असेल आणि ते नसतील, तर ती नावावर करून घ्यायचं काम घर आवरायच्याही आधीचं आहे, मृत्यू दाखल्याच्या मूळ प्रती शोधून ठेवा, आणि कमिटीच्या वकिलाला आजच विचारा.

परळ म्हटलं की आणखी एक. घरात कोणी गिरणीत होतं का? आजेसासरे, चुलत सासरे, कोणीही. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा नंबर) असलेला कुठलाही कागद, ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, पीएफची स्लिप, पगाराची चिठ्ठी, यातलं काहीही सापडलं तर बाजूला ठेवा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पात्रता ठरवताना हेच पुरावे लागतात आणि कामगार हयात नसेल तर वारसाचाही विचार होतो, फक्त सध्या अर्ज घेतात का ते आधी म्हाडात विचारा. १९८२ च्या संपानंतर कित्येकांचे हिशेबाचे कागद असेच पिशवीत बांधून माळ्यावर गेले ते गेलेच.

त्याच पेटीत शेअर सर्टिफिकेटं निघाली तर हसू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होत नाहीत, पण म्हणून ते मेले असं नाही, डीमॅट म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात करून घेता येतात, वारसाच्या नावावरही करता येतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असतात, तिथे क्लेम टाकावा लागतो, कंटाळवाणं काम आहे पण होतं. एलआयसीचे बाँड, पोस्टाची सर्टिफिकेटं तशीच. इन्कम टॅक्सचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगते, तुमचा सीए कमी म्हणाला तर त्याचं ऐका. जागेचे कागद कायम. बाकी टीव्हीचं वॉरंटी कार्ड, जो टीव्ही २००५ मध्येच गेला, शाळेच्या फी पावत्या, बँकेची दहा वर्षांपूर्वीची स्टेटमेंटं, हे सगळं जाऊ दे. फक्त ज्यावर सही, खाते नंबर, आधार-पॅन आहे ते फाडून द्या. रद्दीच्या दुकानातून ते कागद भेळवाल्याकडे पुड्या बांधायला जातात, गंमत नाही.

रद्दीचं दोन शब्दांत: पेपर, पुस्तकं-वह्या आणि पुठ्ठा यांचा भाव वेगवेगळा असतो, एकत्र दिलंत तर सगळ्यात कमी भावाने तोलतो. बॅगा मोजायचा छोटा हुकाचा काटा मिळतो तो घरी ठेवा, नुसता दिसला तरी समोरच्याचा काटा सुधारतो. आणि पावसात रद्दी देऊ नका, ओली म्हणून वजन कापतो.

आता पोटमाळा. माळ्यावर सगळं आठवणींचं असेल असं वाटत असतं, पण वर चढल्यावर निम्मं खोकीच निघतात. मिक्सरचं खोकं, टीव्हीचं खोकं, प्रेशर कुकरचं खोकं, थर्माकोलसकट, "शिफ्टिंगला लागेल" म्हणून ठेवलेली. आता शिफ्टिंग आलंय तर वापरा बापड्यांनो, ज्या खोक्यात बसेल ते भरा आणि नव्या घरी पोचल्या पोचल्या पुठ्ठ्यात द्या. त्याखाली गणपतीची मखरं, लाइटच्या माळा, पंख्याची पाती, पाळण्याच्या दोऱ्या, आणि एखादं पिंप. पिंप बहुतेक तांब्याचं किंवा पितळेचं, पाण्याच्या पाळीच्या काळातलं, आत आणखी भांडी.

भांड्यांकडे येऊ कारण इथेच पैसा पण आहे आणि भावना पण. तांबं-पितळ दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका. पायधुणीला तांबाकाट्यावर, म्हणजे तांब्या-पितळेच्या बाजारात जा, किंवा निदान तिथला भाव विचारून या, मग कुठेही द्या. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव येतो, आणि कल्हईचा थर, लोखंडी कडी, आतलं जळकं यासाठी घट धरतात, ती किती धरतो ते आधी विचारायचं. भांडी चाळून घ्या. ज्याच्यावर नाव घातलंय, म्हणजे पणजीचं नाव आणि लग्नाची तारीख किंवा बारशाची, त्यातलं एकेक घरातल्या प्रत्येक मुलाला द्या, सगळी नाही. मी तर एक कळशी, एक तांब्या-भांडं आणि एक परात एवढंच ठेवायला सांगते, कारण घासणार कोण? पितळ चिंचेने घासायला आज कोणाला वेळ आहे, आणि न घासलेलं पितळ नुसतं काळं पडून राहतं. ज्या घरात पितळेत खरंच स्वयंपाक होतो त्यांनी ठेवा, कल्हई करून घ्या, वापरा, ते वेगळं.

स्टीलला मोडीत किंमत किरकोळ. पण स्टीलचे डबे म्हणजे आपल्या घरांची खरी अडगळ, कारण ते वाईट होतच नाहीत. लग्नात आलेले, बारशात आलेले, बँकेने दिलेले, बोहारणीकडून घेतलेले. मोठे पिंपाएवढे डबे त्या काळचे आहेत जेव्हा वर्षाचे गहू-तांदूळ भरले जायचे. आता खालचा वाणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच किलो पाठवतो. मोठे डबे गल्लीतल्या गणपती मंडळाला, एखाद्या पोळीभाजी केंद्राला, मेस चालवणाऱ्या बाईला विचारा, ते आनंदाने नेतात आणि सासूबाईंना पण बरं वाटतं की कामाला आले. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलच्या पार्सलचे प्लास्टिकचे डबे मात्र झाकणं जुळवून बघायची, ज्याला झाकण नाही तो गेला, एवढा एकच नियम. आणि पिशव्यांची पिशवी, ती दाराच्या मागची, ती तर अख्खीच काढा, २०१८ पासून राज्यात त्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि आपण अजून साठवतोय.

पाटा-वरवंटा, जातं, खलबत्ता. खलबत्ता ठेवा, लागतो. पाटा ठेवायचा की नाही ते नव्या घराचा ओटा बघून ठरवा. जात्याला बाजारात गिऱ्हाईक शोधायला जाऊ नका, लग्नात घाणा भरायला लागतं म्हणून नातेवाइकांत कोणाला हवं का विचारा. चिनी मातीच्या बरण्या, व्हॉल्व्हचा जुना रेडिओ, बेल्जियमचा आरसा, शिसवी किंवा बर्माटीकचं फर्निचर असेल तर ते भंगाराच्या भावात अजिबात देऊ नका. बरण्या-रेडिओसाठी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर फोटो घेऊन जा, फर्निचरसाठी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांना फोटो पाठवा. दोघातिघांचा भाव घ्या, पहिला माणूस जो आकडा बोलतो त्यावर कधीच देऊ नका. सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या कपाटाला मात्र कोणी विचारत नाही, ते उचलून न्यायलाच पैसे मागतात, हे आधीच मनाशी धरून चला.

परळ-लालबागच्या घरांत एक हुकमी वाक्य असतं, "गावी नेऊ." निम्मे लोक कोकणातले, त्यामुळे मुंबईत नको झालेली प्रत्येक गोष्ट गणपतीला गावी जाते. मोडका टेबलफॅन गावी, जुना सोफा गावी, पोरांची सायकल गावी. गावचं घर म्हणजे मुंबईचं गोडाऊन झालंय आणि तिथे जी काकी एकटी राहते तिला त्या सगळ्यावरचा कौलातून गळणारा पाऊस आणि उंदीर निस्तरावे लागतात. माझा नियम साधा आहे, गावी राहणाऱ्या माणसाला फोन करून विचारायचं की तुला यातलं काय हवंय. तिने नाव घेतलं तेवढंच पाठवायचं. टेम्पोचं भाडं धरलं तर त्या सोफ्यापेक्षा तिथे नवीन खुर्च्या स्वस्त पडतात.

कपडे. बोहारीण येते अजून, कमी झाल्या आहेत पण येतात, जीन्स, पँट-शर्ट, धड साड्या घेतात, फाटलेलं, ब्लाउज, आतले कपडे घेत नाहीत. घासाघीस होते, तो त्यांचा धंदा आहे, फार ताणू नका, उन्हातान्हात गाठोडं घेऊन जिने चढतात. फक्त एक करा, कपडे देऊन परत पातेलं घेऊ नका! मी हे एवढ्यांदा बघितलंय, की माळ्यावरून चाळीस साड्या गेल्या आणि त्या बदल्यात कढई, दोन टोप आणि एक प्लास्टिकचा टब घरात आला. पैसे देत असेल तर पैसे घ्या, नाहीतर तुमच्या कामवाल्या बाईंना जे भांडं हवंय ते त्यांना निवडू दे. स्वच्छ धुतलेले, चांगले कपडे गूंजसारख्या संस्था घेतात, १९९९ पासून कपड्यांवरच काम करतात, मुंबईत पण आहेत, आधी फोन करून कधी आणि कुठे आणायचे ते विचारा. फाटकं, मळकं "गरिबांना चालेल" म्हणून देऊ नका, ते त्यांना निवडून परत फेकावं लागतं. सुती मऊ साड्या गोधडीला काढा, शिवून देणाऱ्या बायका आहेत. खऱ्या जरीच्या जुन्या साडीची जर चांदीची असते, पदर विरला असला तरी जरीला पैसे येतात, म्हणून ती दारावरच्या माणसाला घाईत द्यायची नाही.

देण्याआधी प्रत्येक खिसा आणि प्रत्येक साडीची घडी उलगडून बघा. आमच्या कामात हा भाग गमतीचा असतो. साड्यांच्या घड्यांत, तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे नोटा निघतात, आणि निघाल्या की सासूबाईंकडे सगळे बघतात. जुन्या पाचशे-हजाराच्या असतील, २०१६ च्या नोटाबंदीतल्या, तर त्याचं आता काही होत नाही, आणि दहापेक्षा जास्त अशा नोटा जवळ ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आठवण म्हणून गठ्ठा ठेवू नका. दोन हजाराच्या निघाल्या तर घाबरू नका, त्या चलनातून काढल्यात पण रद्द नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला पोस्टाने पाठवून खात्यात जमा करता येतात.

आहेराचा कप्पा हा वेगळाच प्रकार. लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, टॉवेल-टोपी, आणि ब्लाउजपीस जे आजवर कोणी शिवले नाहीत, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत नुसते फिरतात. संक्रांतीच्या वाणातली प्लास्टिकची गाळणी, चिमटे, डब्या. हे सगळं एका पेटीत घालून बिल्डिंगच्या गेटपाशी टेबलावर मांडा, "घेऊन जा" असं लिहून, दोन दिवसांत संपतं. ब्लाउजपीस शिवणक्लासला द्या. यंदा स्वतः वाण देताना तीळ, गूळ, साबण, काडेपेटी असं संपणारं काहीतरी द्या म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावर आपली भर नको.

देवांचं लोक विचारायला लाजतात, पण सगळ्यांना अडतं तिथेच. जुने देवाचे फोटो, भंगलेल्या मूर्ती, गणपती छापलेल्या लग्नपत्रिका, दरवर्षीचं देवीचं कॅलेंडर. पिंपळाखाली नेऊन ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे, कुत्री फिरतात तिथे. फोटोची काच आणि फ्रेम वेगळी करा, ती सुक्या कचऱ्यात किंवा भंगारात जाते. कागद बादलीभर पाण्यात भिजवून लगदा करून कुंडीत, तसबीर लॅमिनेट केलेली असेल तर ती भिजत नाही, ती वेगळी काढा. पितळी मूर्ती भंगली असेल तर तांबटाकडे वितळवायला देता येते, त्याच धातूचं निरांजन करून घेतलेली घरं मला माहीत आहेत. सासूबाईंना आधी नमस्कार करू दे, हळदीकुंकू वाहू दे, त्यांच्या मनासारखं होऊ दे. अर्धा तास जातो, पण मग त्याच स्वतः पुढचा फोटो काढून देतात. पत्रिकांवरचा गणपती कापून ठेवायचा आणि बाकी रद्दी, हे त्यांना बहुतेक माहीतच असेल.

औषधांचा डबा: तारीख गेलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, ओल्यात-सुक्यात मिसळायची नाहीत, वेगळी बांधून लिहून द्यायची. एक्स-रेच्या जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, त्या विकत घेणारे असतात, पण चालू आजाराच्या ठेवा. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, एअरबेड हे फेकू नका, बऱ्याच मंडळांकडे आणि ट्रस्टकडे रुग्णसाहित्य वापरायला देण्याची सोय असते, ते घरी येऊन नेतात कधी कधी.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात जुना डबा टीव्ही सगळ्यात अवघड, त्याच्या काचेत शिसं असतं आणि भंगारवाला तो फोडून आतलं तांबं काढतो व काच गटारात. अधिकृत रिसायकलरला द्या. एका घराच्या दोन वस्तूंसाठी गाडी येत नाही, पण पूर्ण बिल्डिंगने मिळून दिलं तर येते, कमिटीला एक मेसेज टाका. फुगलेली मोबाईलची बॅटरी मात्र त्यासाठी साठवून ठेवू नका, आग लागते, कलेक्शन सेंटरला आजच नेऊन द्या. कापसाची गादी पिंजून नवी होते, फोमची गादी कोणीच घेत नाही.

फोटो अल्बम शेवटी. आधी उघडलात तर चार महिने तिथेच जातील. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सोडवून घ्या, तो गोंद फोटो खातो. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते, डिजिटल करायची तर आत्ताच करा.

आता सासूबाईंचा उरलेला निम्मा विरोध. त्यांना एक ट्रंक द्या, पूर्ण त्यांची. त्यात काय आहे ते कोणी विचारायचं नाही, नव्या घरी ती पहिली जाईल असं सगळ्यांसमोर सांगायचं. त्या रोज दुपारी तीच भरतात-उपसतात, आणि मर्यादा ट्रंकेची असते, तुमची नाही, त्यामुळे भांडण ट्रंकेशी होतं. दुसरं, सुरुवात तुमच्या आणि नवऱ्याच्या सामानापासून करा. त्यांची इंजिनिअरिंगची पुस्तकं, तुमची घट्ट झालेली ड्रेसची गठडी आधी जाऊ दे, दिसेल असं जाऊ दे. सून फक्त माझंच काढते ही भावना एकदा बसली की मग काही हलत नाही, आणि त्यांची एकही वस्तू त्या देवळात गेल्या असताना परस्पर काढू नका, अगदी फुटका कप सुद्धा. कळतं त्यांना.

वेळेचं गणित असं धरा. जे सावकाश जातं ते आधी: फर्निचर, पुस्तकं, तांबं-पितळ, रुग्णसाहित्य. पुस्तकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांना यादी पाठवून विचारा, सगळं घेतील असं नाही, कथा-कादंबऱ्यांच्या त्यांच्याकडेही प्रती असतात, दिवाळी अंकांचे जुने संच मात्र कोणीतरी मागतं, बाकी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर. मधे पितृपक्ष येत असेल तर तो पंधरवडा चांगला, तेव्हा कोणी नवीन खरेदी करत नाही म्हणजे घरात भर पडत नाही. शुक्रवारी किंवा तिन्हीसांजेला घरातून काही द्यायचं नाही असं तुमच्याकडे असेल तर तसं वेळापत्रक लावा, वाद घालू नका. भंगार शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका, कारण तेव्हा अख्खी बिल्डिंग एकदम भंगार काढते, भंगारवाल्याला ते बरोबर माहीत असतं आणि भाव पडतो. जिन्यात सामान काढून ठेवायची वेळ आलीच तर एका रात्रीपुरतं, आग लागली तर उतरायचा तो एकच रस्ता असतो.

भाड्याच्या फ्लॅटचं माप घेऊन या, टेपने, दरवाजाची रुंदी आणि लिफ्टचं दार सुद्धा. दिवाण सहा बाय चारचा म्हणजे चोवीस चौरस फूट. तुमच्या एरियातला फुटाचा भाव समजा तीस हजार धरला तर सात लाख वीस हजारांच्या जमिनीवर तुम्ही जुन्या रजया झोपवताय, हा हिशेब सासूबाईंना नको, नवऱ्याला दाखवा. गोदरेजचं कपाट मात्र न्या, तशी कपाटं परत मिळत नाहीत, फक्त ते रिकामं करून आणि आरसा काढून न्यायचं.

जास्तीचा गॅस सिलेंडर असेल तर एजन्सीत कनेक्शनचं मूळ व्हाउचर दाखवून परत करा, डिपॉझिट मिळतं, ते व्हाउचर बहुधा त्याच पत्र्याच्या पेटीत असेल. टेम्पोवाल्याशी भाव ठरवताना जिन्याचे मजले, कपाटाचा वेगळा चार्ज आणि फोमची गादी वाटेत उतरवून देणार का, हे तिन्ही आधीच बोलून घ्या.